चिठ्ठी मावळ्याच्या पाठीवर

दिवाळी सरली की अंगणातला किल्ला मोडतो आणि मावळे खोक्यात जातात. वर्षाने खोके उघडावे तो सारे एकसारखे! कोण बांदल, कोण जेध्यांकडचा, कोण बारगीर आणि कोण शिलेदार, हे सांगावयास कोणी उरत नाही. किल्ल्यावर शिवाजी महाराज आणि तानाजी तेवढे ओळखू येतात. बाकीचे सारे ‘मावळे’. आम्हांस हे बरे वाटत नाही.

सैनिकांच्या प्रतिमा मांडून लढाया खेळण्याची हौस युरोपात जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यासाठी राइसविट्झ नामक अधिकाऱ्याने १८२४ साली सिद्ध केलेल्या युद्धखेळात तांबड्या-निळ्या ठोकळ्यांवर तुकडीची खूण असे. अशा खेळांतली कित्येक मंडळी आजही बाहुल्यांच्या बैठकीवर पथकाचे नाव लिहितात, तेही मागच्या कडेला. पुढून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते खुपत नाही आणि खेळणाऱ्यास मागून वाचता येते. आपण एवढे जरूर उचलावे.

चिठ्ठीवर काय लिहावे, याला सभासदाची बखर पुरेशी आहे. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांचा जुमला. मातीचा एक घोडेस्वार पंचवीस घोड्यांचा मानला तर पाच स्वारांत जुमला उभा राहतो. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. म्हणून दोघांच्या बैठकी वेगळ्या रंगांत रंगवाव्यात.

पथकाचे नाव ही त्या काळी केवळ सोय नव्हती. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले ते हिरडस मावळातल्या बांदलांच्या जमावानिशी. तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोवर जेध्यांकडे होता. त्या झुंजीनंतर महाराजांनी तो बांदलांना दिला. जेध्यांनी आपला मान सोडून द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे. अशा माणसांचे पुतळे एका खोक्यात बेनाव कोंबून ठेवायचे आणि वर मुलांना इतिहास येत नाही म्हणून कुरकुर करायची, हा आम्हा वडीलधाऱ्यांचा न्याय!

मात्र मुलांच्या हौसेला येथे थोडा लगाम हवा. खिंडीत पडलेल्या बहुतेकांची नावे कागदोपत्री उतरलेली नाहीत. मग मुले ‘रायाजी’, ‘येसाजी’ अशी सुचतील ती नावे चिकटवितात. तसे करू देऊ नये. ‘बांदल, पाईक, ७’ एवढेच लिहावे. जे ठाऊक आहे तेवढेच.

जोयड्याच्या पावसाळ्यात शाई ओघळते आणि डिंकाला बुरशी धरते. यास्तव शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठीवर मेणबत्ती घासावी. तोच आकडा बैठकीच्या तळाशी खिळ्याने कोरावा, आणि आकड्यांची यादी एका वहीत ठेवावी. चिठ्ठी निघाली तरी मावळा हरवत नाही.

रामनगर, जगलबेटकडील कित्येक घरांत आता मुलांचा हात कन्नड अक्षरांवर अधिक बसला आहे. चिठ्ठी त्यांनी त्या लिपीत लिहिली तर हरकत घेऊ नये. बांदल तेथेही बांदलच. वहीत मात्र दोन्ही लिप्यांत नोंद असावी. पुढे ते खोके आजोबा उघडतील की नातू, हे आज कोणी सांगावे?