‘ड्रॉ’ आणि आपले ‘काढणे’

काही इंग्रजी शब्द आपल्या घरांत इतके रुळले आहेत की त्यांचे परकेपण जाणवतही नाही. मुलाची ड्रॉइंगची वही, पाहुण्यांसाठी ड्रॉइंग-रूम, मेजाचा ड्रॉवर, बँकेचा ड्राफ्ट, सोडतीचा ‘लकी ड्रॉ’ आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा ‘ड्रॉ’ ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत, हे सांगितले तर पुष्कळ वाचकांना नवल वाटेल.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे प्राचीन इंग्रजीतील ‘द्रगन’ हे क्रियापद. त्याचा अर्थ ओढणे. चित्राचा अर्थ मागाहून आला. लेखणी कागदावरून ओढीत नेली की मागे रेघ उमटते, म्हणून रेखाटणे म्हणजेही ‘ड्रॉ’. ओढून उघडावयाचा खण तो ड्रॉवर. ड्रॉइंग-रूमचा मात्र चित्रकलेशी काडीचाही संबंध नाही. ते ‘विथड्रॉइंग रूम’ या जुन्या नावाचे संक्षिप्त रूप होय. मंडळी जेवणाच्या दालनातून उठून निवांत बसावयास जेथे जात, ती ही खोली.

ओढण्यातून रेखाटण्याकडे झालेला हा प्रवास केवळ इंग्रजीचाच नाही. आपण रेघ ओढतो, हिंदी भाषिक लकीर ‘खींचतात’, कानडीतही ‘एळे’ म्हणजे ओढणे आणि रेघ ओढणेही. गुजरातीतील ‘दोरवुं’ तर चित्र काढण्यासही चालते आणि कोणाला वाट दाखवीत पुढे नेण्यासही. हाताला जो अनुभव आला, तोच निरनिराळ्या भाषांनी बोलून दाखविला, असेच म्हणावे लागते.

मराठीतील ‘काढणे’ हे क्रियापद प्राकृतातील ‘कड्ढइ’ या रूपाकडे जाते. त्याचाही अर्थ ‘ओढतो’ असाच. विहिरीतून पाणी, म्यानातून तलवार, बँकेतून पैसे, सोडतीची चिठ्ठी, विचारान्ती निष्कर्ष आणि कागदावर चित्र – या सर्व ठिकाणी इंग्रज ‘ड्रॉ’ म्हणतो आणि आपण ‘काढतो’. दोन दूरच्या भाषांचा इतका मेळ क्वचितच आढळतो. अर्थात तो सर्वत्र बसत नाही. खिडकीचा पडदा आपण ओढतो, काढीत नाही. काढला तर तो धुवावयास न्यावयाचा असतो! सर्दीवरचा ‘काढा’ही या कुळातला नव्हे, तो संस्कृत ‘क्वाथ’ शब्दापासून, म्हणजे उकळण्यापासून आला आहे.

हा विषय आज मांडण्यास एक कारण आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या घरांत मुले आता ‘चित्र बनवलं’, ‘रांगोळी बनवली’ असे म्हणू लागली आहेत. इंग्रजी शाळांतील मुले ‘ड्रॉ केलं’ म्हणतात. हिंदीत ‘बनाना’ अगदी शुद्ध आहे, त्याच्याशी आपले भांडण नाही. परंतु मराठीत चित्र बनवीत नाहीत, काढतात. जणू ते मनात होतेच, ते हाताने बाहेर आणले. ‘काढणे’ गेले, तर जाईल ते केवळ एक क्रियापद नव्हे. दूरच्या माणसाची आठवण काढणे, रुसलेल्याची समजूत काढणे, कठीण दिवस काढणे, ही सारी त्याचीच गोतावळ्यातील माणसे. मूल चित्राच्या निमित्ताने या शब्दाशी प्रथम खेळते. पुढे तोच त्याला आयुष्यभर पुरतो.

कलेच्या बाबतीत आपली गावे कधी मागे नव्हती. इंदुरास १९१० साली जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे तेथेच देवळालीकरांपाशी चित्रकला शिकले आणि १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी ती शिकविली. ज्या गावांत चित्रे निघाली, तेथे ती ‘काढणारा’ शब्दही नांदावयास हवा.

त्यासाठी मुलांना रागे भरण्याची गरज नाही. वही घेऊन मूल धावत आले की कौतुकाने एवढेच विचारावे, ‘काय काढलंस, बघू?’ दहा वेळा कानी पडलेला शब्द अकराव्या वेळी आपोआप ओठी येतो. आणि ज्या मुलाने घराण्याचे नाव काढावे असे आपल्याला वाटते, त्याला ‘नाव काढणे’ म्हणजे काय, हे निदान मराठीत कळावे, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.