पितळेवरील एक अक्षर

जुन्या तंबूसामानाच्या संग्राहकांत पितळी प्रायमस स्टोव्हला अग्रमान आहे, आणि तो यथार्थच होय. 1892 साली स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने हा वातीवाचून जळणारा स्टोव्ह सिद्ध केला. काकड्याने बर्नर तापवावा, पंप मारावा. रॉकेल दाबाने वर चढून तप्त नळीत वायुरूप होते व निळ्या ज्योतीने जळते. अ‍ॅमुंडसेनने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत तो नेला. मराठी स्वयंपाकघरांत तर ‘प्रायमस’ हे नाव घरचेच झाले.

असा स्टोव्ह हाती येताच नवखा संग्राहक तो यंत्राच्या चाकावर लखलखीत घासून घेतो. येथेच घात होतो! 1911 पासून त्या कारखान्याने टाकीवर निर्मितिवर्षाचे अक्षर ठोकण्याचा प्रघात पाडला. ‘ए’ म्हणजे 1911, ‘बी’ म्हणजे 1912. पितळ झिजले की अक्षर गेले आणि स्टोव्हचा जन्मशक हरवला. स्थलांतराच्या जुन्या नोंदवहीत पणजोबांचे गाव शोधणाऱ्यास ही हानी निराळी समजावून द्यावयास नको. पंपातील वाळलेला चामडी वॉशर तेलात भिजविल्यास पुनश्च मऊ होतो, न झाला तर नवा घालता येतो. अक्षराचे तसे नाही. म्हणून जाणता संग्राहक मऊ फडक्याने धूळ तेवढी पुसतो आणि भिंग घेऊन उजेडाकडे वळतो.