पत्ता नसलेले घर

महाविद्यालयातील जुन्या हस्तलिखित अंकांची छायाचित्रे आम्ही दोघांनी मिळून काढली आणि आमच्यापैकी एकाच्या घरातील जुन्या संगणकावर ठेवली. त्यावर लिनक्स चढवून अपाचे हा वेब सर्व्हर सुरू केला. माजी विद्यार्थ्यांना ते अंक घरबसल्या वाचता यावेत, एवढाच हेतू. त्या संगणकावर 127.0.0.1 हा पत्ता दिला की अंक उघडत. शेजारच्या खोलीतील संगणकावर मात्र उघडेनात.

सर्व्हर चालू होता, म्हणजे दोष वाटेत होता. पाहतो तो फायरवॉलने 80 क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवलेले. ते उघडताच 192.168 ने सुरू होणाऱ्या घरगुती पत्त्यावर अंक दिसू लागले. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले. तरीही दुसऱ्याच्या घरून संपर्क होईना. अखेर राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता तपासला, तो 100.64 ने सुरू होत होता आणि जगाला दिसणारा आमचा पत्ता निराळाच होता. सेवा पुरवणाऱ्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला होता! चाळीला पत्ता असावा, पण बाहेरच्याला खोली क्रमांक लिहिण्याची सोयच नसावी, तशी ही गत. आतून धाडलेल्या पत्राचे उत्तर बिनचूक पोचते. आपणहून आलेला पाहुणा मात्र फाटकावरूनच परततो.

यामागे टंचाई आहे, हे आम्ही नाकारत नाही. आयपीव्ही4 पद्धतीत सुमारे 430 कोटीच पत्ते. मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी 2011 मध्ये वाटले गेले आणि अशा सामायिक व्यवस्थेसाठी हा 100.64 चा पट्टा 2012 साली राखून ठेवण्यात आला. परंतु टंचाईतील तडजोड हीच रीत होऊन बसावी काय? टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न येथे ज्या संगणकावर वेब घडवले, तोच पहिला सर्व्हर होता. त्यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचता येई, तसे लिहिताही येई. वाचक आणि प्रकाशक एकाच मेजावर! चक्रमुद्रित प्रती काढणाऱ्या आपल्या साठोत्तरी अनियतकालिकांची उमेद याहून फार वेगळी नव्हती.

प्रत्येकाने घरी सर्व्हर ठेवावा, असे आमचे म्हणणे नाही. उघड्या दारातून चोरही येतो. त्या संगणकाची निगा राखावी लागते. परंतु जोडणी घेताना आपल्या घराला स्वतःचा पत्ता मिळणार की नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले जावे. आयपीव्ही6 मध्ये पत्त्यांची टंचाई नाही. ती सोय मागून घ्यावी.

आम्ही तूर्त जादा शुल्क भरून स्थिर पत्ता घेतला आहे. अंक आता बाहेरून उघडतात. वाचण्याचे मोल एक आणि बोलण्याचे निराळे, ही आकारणी मात्र आम्हांला अजून पटलेली नाही.