मिठाच्या पाण्याचा ग्लास

रविवार म्हणजे आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर 'क्लीनिंग डे'. दारावर आलेल्या माणसाकडून बाथरूमसाठी सुट्टं ॲसिड घेतलं, तेही पाण्याच्या जुन्या बाटलीत. (स्वस्त पडतं ना!) बाटली ओट्यावर ठेवणारी मीच. जिमहून आलेल्या रूममेटने ती तोंडाला लावली आणि पहिल्याच घोटाला किंचाळली.

मी काय करावं? लहानपणापासून ऐकलेलं तेच. मिठाचं पाणी पाजा, उलटी काढा. ग्लास भरलाही होता. शेजारच्या काकू नर्स आहेत, त्यांनी तो हातातून हिसकावूनच घेतला. "अगं, जाताना जाळत गेलंय ते. वर आणलंस तर पुन्हा जाळेल!" रॉकेल, थिनरचंही तेच, उलटी होताना ते फुप्फुसात शिरू शकतं. खायचा सोडा पाजून 'न्यूट्रल' करायची माझी आयडियाही बाद. काकूंनी फक्त चुळा भरायला लावल्या, १०८ ला फोन केला आणि बाटली सोबत घ्यायला सांगितली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आधी बाटलीच मागितली. लेबल मिनरल वॉटरचं!

एंडोस्कोपी झाली, तीन दिवस अ‍ॅडमिट होती. सध्या मॅडम पेजेवर आहेत, पण माझ्याशी बोलतायत. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर, १८०० ११६ ११७, तिनेच फ्रिजवर चिकटवलाय. माझ्या डाएट चार्टच्या वर.