ट्यूब नाही, तर कॅन नाही!

करजणच्या कामगार बंधू-भगिनींनो,

तुम्ही स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंग टँकवर, काचेच्या एचिंगवर किंवा ॲसिडच्या टँकरवर राबत असाल, तर दोन मिनिटं थांबा. समोरच्या कॅनमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असू शकतं. ते काच खातं, म्हणून प्लास्टिकमध्ये येतं. दिसतं मात्र पाण्यासारखं.

सल्फ्युरिक अंगावर उडालं की माणूस ओरडतो. हे ओरडूही देत नाही. हातमोज्याच्या बारीक भोकातून सौम्य मिश्रण आत शिरलं, तर पाळी सुटेपर्यंत पत्ता लागत नाही. रात्री दोनला नखाखाली ठणका उठतो, बोट पांढरं पडतं. तोवर फ्लोराइड कातडीखाली उतरलेलं असतं आणि रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत असतं. तीव्र ॲसिड दोन-तीन तळहातांएवढ्या जागेवर सांडलं, तरी हृदय बंद पडू शकतं.

आणि मुकादम म्हणतो, “दुखत नाही ना? मग लाग कामाला!”

प्रथमोपचाराच्या पेटीत काय असतं? भाजल्यावरचं पिवळं मलम. ते इथे कुचकामी आहे. हवं असतं 2.5 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, तेही टँकपाशी, हाताच्या अंतरावर. वडोदऱ्याचं सयाजी रुग्णालय इथून तीस-पस्तीस किलोमीटर आहे, आणि हायवे कुणाच्या बोटासाठी मोकळा होत नाही.

दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात 27 सप्टेंबर 2012 रोजी टँकर रिकामा करताना हेच रसायन गळलं. पाच जण गेले, हजारोंना दवाखाना गाठावा लागला, शेतातली पिकं करपली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कारखाने कायदा बदलला. हाताळता ते रसायन काय, त्याचा धोका काय, हे कामगाराला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. ठेक्यावरचा हेल्परही कामगारच आहे.

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक कॅनवर नाव आणि धोका गुजराती, हिंदी, मराठीत लिहा.
2. प्रत्येक टँकजवळ जेल, शॉवर आणि डोळे धुण्याची सोय करा.
3. निओप्रीनचे लांब हातमोजे आणि फेस शील्ड ठेकेदाराच्या माणसांनाही द्या.
4. थेंब उडाला की लगेच रुग्णालयात न्या, पगार न कापता.

ॲसिड उडालंच, तर कपडे उतरवा, तो भाग धो धो पाण्याखाली धरा, मग जेल चोळत राहा. डोळ्यांत फक्त पाणी. डॉक्टरांना ॲसिडचं नाव सांगा.

वाचून झालं की हे पत्रक खिशात ठेवू नका, पुढच्या पाळीच्या हाती द्या. टँकपाशी जेलची ट्यूब दिसेपर्यंत कॅनला हात लावू नका.

— करजणचे काही कामगार