रात्र जागवणारे लेकरू

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या दाराशी उभे होतो. लोक पांगले, तरी एक तरुण माता मागच्या बाकाशी घुटमळत राहिली होती. कडेवर दहा महिन्यांचे बाळ. टवटवीत, हसरे, जणू रात्रभर गाढ झोपून उठलेले. मातेचे डोळे मात्र तांबारलेले. आम्ही सहज विचारले, "काय मुली, बरी आहेस ना?" एवढ्या साध्या प्रश्नाने तिला रडू कोसळले.

"फादर, हा जन्मल्यापासून मी सलग तीन तास झोपलेली नाही. रात्रीतून पाच-सहा वेळा उठतो. काल रात्री मी याला पाळण्यात ठेवले नाही, जवळजवळ आपटलेच. याला काही लागले नाही. पण तेव्हापासून मला माझ्याच हातांची भीती वाटते. हे पाप म्हणून सांगावे की दुखणे म्हणून, तेच मला कळत नाही."

हे बोलणे पापनिवेदनातले नव्हे, आणि तिच्या अनुमतीनेच येथे लिहीत आहोत. आम्ही अविवाहित. आमच्या घरी पाळणा हलला नाही, त्यामुळे या विषयावर स्वानुभवाचा अधिकार आम्हांस नाही. तिला आशीर्वाद देऊन घरी पाठवणे सोपे होते; पण त्याने तिची रात्र काही सरली नसती. म्हणून ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बसलो, त्यांनी दिलेले वाचले, आणि जे हाती लागले ते तिला सांगितले. तेच आज आमच्या वाचक मातापित्यांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, रात्री जाग येणे हा मुलाचा दोष नव्हे व आईचाही नव्हे. झोप ही एकसंध नसते. ती फेऱ्याफेऱ्यांनी येते. मोठ्या माणसाची एक फेरी साधारण दीड तासाची, तर तान्ह्या मुलाची तासाभराचीच. प्रत्येक फेरीच्या शेवटी क्षणभर जाग येते. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याची आठवणही उरत नाही. बाळही तसेच जागे होते. शिवाय पहिले दोन-तीन महिने त्याला दिवस कोणता व रात्र कोणती हेच ठाऊक नसते. माँट्रियलच्या संशोधकांनी ३८८ बालकांचा अभ्यास करून २०१८ साली प्रसिद्ध केलेले आकडे पाहावे. सहा महिन्यांच्या बाळांपैकी शेकडा ३८ सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण शेकडा २८ होते. या बाळांची वाढ इतरांहून मागे पडलेली आढळली नाही. तेव्हा "शेजारणीचे बाळ तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपते" असे कोणी सांगितले, तर ऐकून घ्यावे व सोडून द्यावे.

मग प्रश्न उरतो तो असा, की जाग आल्यावर एक मूल मुकाट्याने पुन्हा झोपी जाते आणि दुसरे आकांत का मांडते? याचे उत्तर बहुधा मध्यरात्री नव्हे, तर संध्याकाळी सापडते. मूल पहिल्यांदा झोपी कसे जाते, तेथे पाहावे. समजा, आपण मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बर्थवर आडवे झालो, गाढ झोप लागली, आणि डोळे उघडून पाहतो तो लोंढा स्थानकाच्या फलाटावर! आपण पुन्हा डोळे मिटून घेऊ काय? आरडाओरडाच करू. जे बाळ आईच्या खांद्यावर किंवा पदराखाली दूध पिता पिता झोपते आणि झोपेतच अलगद पाळण्यात ठेवले जाते, त्याची दर तासाला हीच अवस्था होते. झोपताना आईची ऊब होती. जाग येते तो आई नाही. ते ओरडते आणि झोप जशी लागली होती तशीच पुन्हा मागते. हा त्याचा हट्ट नव्हे. झोपेची दुसरी वाट त्याला ठाऊकच नसते.

ही दुसरी वाट त्याला हळूहळू दाखवता येते. मात्र त्याची घाई सहा महिन्यांच्या आत करू नये. तोवर बाळाचे पोट लहान असते. रात्रीची भूक खरी असते, तेव्हा त्याला पाजलेच पाहिजे. त्यानंतर, वजन नीट वाढत आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, आरंभ करावा. रोज एकाच वेळी, एकाच क्रमाने निजानीज व्हावी: कोमट पाण्याने अंग पुसणे, कपडे बदलणे, पाजणे, दिवा मंद करणे, एक अंगाई, आणि मग डोळे जड झालेले परंतु अजून उघडे असताना बाळाला त्याच्या जागी ठेवणे. रडले तर जवळ बसून थोपटावे. पण लगेच उचलू नये. चार-आठ दिवसांनी थोपटणे कमी करून केवळ हात ठेवावा, पुढे नुसते शेजारी बसावे. काही घरी आई दोन मिनिटे थांबून जवळ जाते, नंतर चार, नंतर सहा. २०१६ साली ॲडलेड येथील संशोधकांनी या रीतीची परीक्षा ४३ बालकांवर केली. मुले लवकर झोपू लागली, आणि वर्षभरानंतरही आईवरील त्यांचा जीव किंवा त्यांचे वागणे यांत काही बिघाड दिसला नाही. मेलबर्नमध्ये ३२६ बालकांच्या एका प्रयोगात कुटुंबांना अशीच मदत दिली होती. ती मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१२ च्या त्या अहवालात अपाय आढळला नाही, तसा त्यांना कायमचा काही विशेष लाभ झाल्याचेही दिसले नाही. म्हणजे हे केलेच पाहिजे असे नाही. आईबापांचे जागरण असह्य झाले असेल तर ते निर्धास्तपणे करावे, एवढाच याचा अर्थ.

आमच्या पुष्कळ वाचकांची घरे एक-दोन खोल्यांची आहेत, हे आम्ही जाणतो. भिंतीपलीकडे शेजारी, याच खोलीत आजी-आजोबा, सकाळी पाचला कामावर जाणारा दीर. तेथे मूल रडले की सारे घर उठते, आणि "घे गं त्याला!" असा पुकारा होतो. अशा घरी नियम आईने एकटीने ठरवून चालत नाही. एके दिवशी दुपारी सर्वांनी बसून ठरवावे की, पुढील पंधरा दिवस बाळ रडले तर काय करायचे. आजीने आज उचलायचे, बाबांनी उद्या दटावायचे आणि आईने परवा पाजायचे, असे झाले तर मूल एवढेच शिकते की, पुरेसे रडले की कोणीतरी येते व काहीतरी मिळते. मध्यरात्री जवळ जावे तेव्हा दिवा लावू नये, गप्पा मारू नयेत आणि मोबाईलचा उजेड तर मुळीच दाखवू नये. रात्र ही कंटाळवाणी असते, हे बाळाला उमजू द्यावे.

आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडते. आई दिसेनाशी झाली तरी ती कोठेतरी आहे, हे मुलाला कळू लागते, म्हणून तिला हाका मारणे वाढते. पूर्वी नीट झोपणारे मूलही या वयात पुन्हा उठू लागते. दिवसा पदराआड तोंड लपवून 'कुक्' करण्याचा जुना खेळ खेळावा. गेलेली आई परत येते, हा धडा त्यातून मिळतो.

मात्र प्रत्येक जागरण सवयीचे नसते. ताप, नाक चोंदणे, झोपताना कान ओढत रडणे, मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, वजन न वाढणे, किंवा मोठ्या मुलाला जंतांमुळे रात्री सुटणारी खाज, यांपैकी काही दिसल्यास दात येत आहेत किंवा दृष्ट लागली आहे असे म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. दोन-तीन वर्षांवरील मूल निजल्यानंतर पहिल्या काही तासांत किंचाळत उठून बसले, डोळे उघडे असूनही त्याने आईला ओळखले नाही, तर त्याला हलवून जागे करू नये. पडणार नाही, लागणार नाही, एवढे पाहून जवळ थांबावे. सकाळी त्याला काहीच आठवत नाही.

आता औषधांविषयी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कितीतरी माता तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. त्या निर्दय नव्हत्या. मूल सांभाळावयास दुसरे कोणी नव्हते. ती गोळी मागे पडली, पण तिची भावंडे घरोघर आहेत. झोप यावी म्हणून जायफळ जास्त उगाळून चाटवणे धोक्याचे आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. त्यातून क्वचित, पण जीवघेणा विकार होतो. आणि "खोकल्याच्या औषधाने चांगली गुंगी येते" म्हणून बाटली काढणे तर सर्वांत वाईट. सर्दीखोकल्याच्या पुष्कळ औषधांत असणारे क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे. बाळाला उताणे, घट्ट व सपाट गादीवर निजवावे. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात, तीही झोपताना नको.

येथवर बाळाविषयी झाले. आता त्या मातेच्या हातांविषयी, कारण तिचा खरा प्रश्न तोच होता.

आम्ही तिला सांगितले की, हे दुखणे आहे. महिनोन्‌महिने झोप न मिळालेल्या माणसाचा राग त्याच्या ताब्यात राहत नाही. मग ती कितीही प्रेमळ माता असो. परंतु एक गोष्ट तिने, आणि प्रत्येक आईबापाने, पक्की ध्यानात ठेवावी. तान्ह्या मुलाला संतापाने गदागदा हलवल्यास त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दृष्टी जाऊ शकते, प्राणही जाऊ शकतो. तेव्हा हात थरथरू लागले की बाळाला पाळण्यात, सुरक्षित जागी ठेवावे, दार ओढून घ्यावे आणि अंगणात जाऊन उभे राहावे. पाच मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही. आणि मन सतत उदास राहते, बाळाविषयी काही वाटेनासे होते, किंवा जीव नकोसा होतो, असे असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. बाळंतपणानंतर पुष्कळ स्त्रियांना हा आजार होतो व तो उपचाराने बरा होतो. त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

मग आम्ही विचारले, "तुझे यजमान रात्री काय करतात?" ती म्हणाली, "त्यांना सकाळी कामावर जायचे असते, फादर. ते आतल्या खोलीत झोपतात." आम्ही म्हणालो, "आणि तुला सकाळी काय करायचे असते?" यावर ती कितीतरी वेळाने पहिल्यांदा हसली.

त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. यजमान भला माणूस. बायकोला मदत करू नये असे त्याच्या मनात नव्हते. रात्रीचे मूल हे आईचेच काम, असे त्याने लहानपणापासून पाहिले होते, इतकेच. आम्ही उपदेश केला नाही. रात्रीचे दोन भाग करावेत, एवढेच सुचवले: निजानीज झाल्यापासून दोनपर्यंत एकाची पाळी, दोनपासून सकाळपर्यंत दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने आतल्या खोलीत झोपावे आणि रडे ऐकू आले तरी उठू नये. त्याने मान डोलावली. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईने मात्र आमच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, चहा आम्ही जरा घाईनेच संपवला.

गेल्या रविवारी ते दोघे पुन्हा भेटले. बाळ अजून उठते. पण पाच-सहा वेळांऐवजी एक-दोन वेळा. आपल्या पाळीत पहिल्या दोन रात्री त्याने बाळाला घेऊन चकरा मारल्या आणि तिसऱ्या रात्री पाळण्याजवळ बसून थोपटता थोपटता स्वतःच आधी झोपला, असे तो सांगत होता. त्या म्हाताऱ्या आजीबाईही आता पहाटे पाचला बाळ घेतात व सुनेला सातपर्यंत झोपू देतात. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

शेवटी एक विनंती, आणि ती आईबापांना नव्हे, इतर सर्वांना. सकाळच्या मिस्सेला मागच्या बाकावर एखादी माता प्रवचनाच्या वेळी पेंगताना दिसली, तर कोणी कोपराने ढोसू नये व मागे वळून पाहू नये. आमच्या प्रवचनाचा अवमान होत नाही. आणि तिच्या मांडीवरचे बाळ चुळबुळू लागले, तर शेजारणीने हात पुढे करून अर्धा तास त्याला घ्यावे.