मुलांना संगत आपण द्यायची
रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारात वडीलधारी माणसं चहा घेत बोलत उभी राहतात आणि तरुण मुलं मागच्या भिंतीपाशी एका मोबाइलभोवती जमतात. क्रिकेटवर पैसे लावणं चालू असतं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या कायद्याने बंदी आली, तरी ओळखीपाळखीतला सट्टा थांबलेला नाही. पहिला डाव बहुधा मित्राच्या आग्रहानेच लागतो. संडे स्कूलमध्ये शिकवताना मी हे जवळून पाहते आहे.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला कुसंगतीबद्दल बजावलं, ते उगाच नव्हे. दोन बंदरांचं ते शहर, पैसा आणि मोह दोन्ही हाताशी. तरी जगाकडे पाठ फिरवा, असं त्याने सांगितलं नाही. येशूही जकातदारांच्या पंगतीला बसला. पण त्या सोबतीने मत्तय बदलला, येशू नव्हे. कोण कोणाला ओढतो, हे पाहायला हवं.

चांगली संगतही ओढते. रेव्हरंड ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या, त्याने नवा करार हाती दिला. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

म्हणून ‘त्याच्याबरोबर फिरू नकोस’ एवढं सांगून भागत नाही. तरुण संघ जागता ठेवा, मुलांना गायनात घ्या, आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांना द्या. आपण वेळ दिला नाही, तर तो द्यायला दुसरे टपलेलेच आहेत.